साधेपणाचे काम कोणाच्या वाट्याला?

वाचकाचे पत्र, थोडक्यात: नागपूरच्या दक्षिणेला बेसा भागातील एका लेआउटमध्ये राहणाऱ्या वाचकांनी हे पत्र लिहिले आहे. त्यांचे वय ४३ असून ते सिव्हिल लाईन्समधील एका कार्यालयात नोकरी करतात. पत्नी शिक्षिका आहेत आणि सकाळी सातला शाळेसाठी घर सोडतात. मुलगी दहावीत, मुलगा चौथीत, आणि घरात सत्तरी ओलांडलेली आई. सहा वर्षांपूर्वी महालातील भाड्याचे घर सोडून, कर्ज काढून ते ड्युप्लेक्समध्ये राहायला आले. आज घरात दोन मोटारी आणि तीन एसी आहेत, आणि उन्हाळ्यात बोअर आटली की टँकर बोलवावा लागतो. गेल्या वर्षी सेवाग्रामला जाऊन आल्यावर आपण फार साठवतो आणि फार वापरतो असे त्यांना तीव्रतेने वाटले. त्यानंतर त्यांनी प्लास्टिकचे डबे काढून स्टीलचे आणले, बांबूचे ब्रश आणि तांब्याच्या बाटल्या घेतल्या, बाजारची बिस्किटे, फरसाण व तयार मसाले बंद केले, भांड्यांसाठी आणि केसांसाठी रिठे-शिकेकाई सुरू केली, बैठकीतील एसी बंद ठेवला, आणि मुलीच्या वाढदिवसाला केक व भेटवस्तू नको असे जाहीर केले. पत्नी म्हणतात, “तुमचा साधेपणा माझ्या हातांवर चालला आहे.” मुलगी अबोला धरून आहे. आई म्हणते, “आम्ही ओढाताण पाहिली, आता पुन्हा कशाला?” वाचकांचे प्रश्न दोन आहेत: कुटुंबाला हे कसे पटवावे, आणि हे घर विकून काटोलच्या वाटेवर, शहरापासून ४० किलोमीटरवर, शेतजमीन घेऊन तेथेच राहायला जावे का?

नमस्कार,

तुमचे पत्र सविस्तर आहे, आणि पत्नीचे व आईंचे शब्द तुम्ही स्वतःच्या सोयीने सौम्य करून लिहिलेले नाहीत, त्यामुळे उत्तर देणे सोपे झाले आहे. मात्र तुमचा पहिला प्रश्न मला आहे तसा घेता येत नाही. ‘कुटुंबाला कसे पटवावे’ असे विचारताना काय करायचे ते ठरून गेले आहे, ते योग्यच आहे आणि आता फक्त इतरांना समजावणे उरले आहे, असे तुम्ही गृहीत धरले आहे. तुम्ही केलेल्या बदलांची यादी पुन्हा एकदा वाचली, तर या गृहीतकाला दोन ठिकाणी तडा जातो. हे बदल ज्या कामांमधून घडतात ती कामे बहुतेक तुमची नाहीत. आणि तुमच्या घराचा निसर्गावर खरा भार ज्या गोष्टींमुळे पडतो, त्यांतील मोठ्या गोष्टींना या यादीत फारसा हात लागलेला नाही.

आधी कामांविषयी. दुकानातील बिस्किटे बंद झाली की रविवारी कोणीतरी शंकरपाळे तळते. तयार मसाला बंद झाला की कोणीतरी धणे भाजते, कुटते आणि चाळते. रिठे रात्री भिजत घालावे लागतात, सकाळी गाळावे लागतात, आणि त्या पाण्याने तेलकट कढई निघाली नाही तर ती दुसऱ्यांदा घासावी लागते. तुमच्या पत्रात ‘आम्ही घरी करू लागलो’ असे जागोजागी आले आहे, पण त्या ‘आम्ही’मध्ये हात कोणाचे, हे तुमच्या वाक्यांमधून कळत नाही, पत्नीच्या एका वाक्यातून मात्र लख्ख कळते. मिक्सर, गॅस, धुलाई यंत्र, दळलेले पीठ आणि बाजारचा मसाला या वस्तूंनी मध्यमवर्गीय बायकांच्या दिवसातील काही तास मोकळे केले, आणि त्याच तासांवर त्यांच्या नोकऱ्या उभ्या राहिल्या. त्या वस्तू घराबाहेर काढायच्या असतील तर ते तास कोण देणार, हे आधी ठरायला हवे. ते न ठरवता केलेला साधेपणा म्हणजे कारखान्यातील काम उचलून घरातील एका माणसाच्या वाट्याला टाकणे होय.

सेवाग्रामला बापूकुटीच्या मातीच्या भिंती, चटई आणि मोजके सामान पाहून तुम्ही हललात, हे स्वाभाविक आहे. १९३६ मध्ये गांधीजी तेव्हाच्या शेगावात राहायला गेले, आणि पुढे त्या गावाचे नाव सेवाग्राम झाले. पण तेथील साधेपणा सामानाच्या यादीपुरता नव्हता. आश्रमाच्या एकादश व्रतांमध्ये अपरिग्रहाच्या, म्हणजे गरजेपलीकडे न साठवण्याच्या, शेजारीच शरीरश्रम आहे. स्वयंपाक, दळण, सूतकताई आणि संडासाची सफाई ही सगळ्यांची कामे होती, आणि तेथे राहणारी माणसे ते जीवन स्वतःहून पत्करून आली होती. तुमच्या घरातील माणसे तशी आलेली नाहीत. ती केवळ तुमच्या घरात राहतात. खुद्द गांधीजींनाही हा फरक सहज उमगला नव्हता. १८९८ च्या सुमारास डरबनच्या घरी राहणाऱ्या एका कारकुनाच्या लघवीचे भांडे कस्तुरबांनी रडत उचलले, तेव्हा हे काम त्यांनी आनंदाने करावे असा गांधीजींचा हट्ट होता, आणि त्या भांडणात त्यांनी पत्नीला हाताला धरून फाटकापर्यंत ओढत नेले. पुढे हा प्रसंग त्यांनी स्वतःच, अत्यंत शरमेने, लिहून ठेवला. ज्यासाठी भांडण झाले ते तत्त्व चुकीचे नव्हते, हे येथे लक्षात घेण्यासारखे आहे.

म्हणून माझी पहिली सूचना अशी की जो बदल सुचवेल, त्याने तो निदान तीन महिने स्वतःच्या हाताने करून दाखवावा आणि त्यानंतरच तो घराचा नियम व्हावा. तुम्हाला रिठे हवे असतील तर रात्रीची भांडी तुम्ही घासा. तुम्हाला बाजारचे फरसाण नको असेल तर संध्याकाळच्या खाण्याची जबाबदारी तुमची. या कसोटीवर तुमच्या यादीतील काही गोष्टी आपोआप गळून पडतील, आणि त्या गळल्या तरी फारसे बिघडणार नाही. ओला कचरा जिरवणे, बाजाराला पिशव्या घेऊन जाणे, गच्चीची देखभाल अशी काही कामे टिकतील आणि तुमच्या अंगवळणी पडतील.

एक गोष्ट जाता जाता सांगतो. साधेपणाचेही आता एक मोठे दुकान झाले आहे. घरात चांगले चालणारे प्लास्टिकचे डबे फेकून स्टीलचे नवे आणले, तर जुन्या डब्यांचा कचरा झाला आणि नव्यांसाठी पोलाद वितळवावे लागले. यात पृथ्वीचा फायदा शोधावा लागेल. गरम पदार्थ प्लास्टिकमध्ये ठेवायचे नसतील तर तेवढे डबे बदला. उरलेल्यांत डाळी, खिळे, सुतळ्या ठेवा आणि ते फुटेपर्यंत वापरा.

आईंचे म्हणणे मला या सगळ्यात सर्वांत महत्त्वाचे वाटते. ज्यांनी महालातील दोन खोल्यांमध्ये संसार केला, नळ येईल त्या वेळी उठून पाणी भरले, त्यांना तुमचा साधेपणा जुन्या टंचाईसारखा दिसणे साहजिक आहे. तुम्ही स्वतःहून सोडत आहात. त्यांच्यापासून त्या गोष्टी परिस्थितीने हिरावून घेतल्या होत्या. त्यांच्याशी वाद घालण्याऐवजी एके दिवशी निवांत विचारा की त्या काळातील कोणती गोष्ट पुन्हा केली तर त्यांना बरे वाटेल आणि कोणती पुन्हा कधीही करायला लागू नये असे त्यांना वाटते. या दोन उत्तरांतून तुम्हाला जी यादी मिळेल, ती तुमच्या यादीपेक्षा अधिक टिकाऊ असेल असा माझा अंदाज आहे. उन्हात बसून वाळवणे घालणे कदाचित त्यांना आवडेल. बादलीने वरच्या मजल्यावर पाणी चढवणे नक्कीच आवडणार नाही.

आता भाराविषयी. आकडे ढोबळ आहेत, पण तुलनेला पुरेसे आहेत. दीड टनाचा एसी रात्री आठ तास चालला तर साधारण आठ युनिट वीज घेतो. तुमच्या दोन शयनगृहांतील एसी महिनाभर असे चालले तर सुमारे ४८० युनिट होतात. देशाच्या वीजजाळ्याची सरासरी धरली तर एका युनिटमागे अंदाजे ०.७ किलो कर्बवायू (कार्बन डायऑक्साइड) हवेत जातो, म्हणजे महिन्याला सव्वातीनशे किलोंच्या वर. नागपूरकरांना हे समजायला पुस्तकाची गरज नाही. कोराडी आणि खापरखेड्याच्या कोळशावरील वीजकेंद्रांच्या चिमण्या व राखेचे तलाव आपल्या उत्तरेलाच आहेत. तुम्ही रोज मोटारीने बेसा ते सिव्हिल लाईन्स जाता-येता. दिवसाचे २४ किलोमीटर धरले, तर महिन्याच्या पंचवीस दिवसांत ४० लिटरच्या वर पेट्रोल लागते, आणि लिटरमागे सुमारे २.३ किलो या हिशेबाने शंभर किलोंच्या आसपास कर्बवायू होतो. घरगुती गॅसचे १४.२ किलोचे एक सिलिंडर सुमारे ४२ किलो. बिस्किटांची वेष्टणे आणि ब्रशाची दांडी या रांगेत फार मागे उभी राहतात. वेष्टणांमुळे नाल्या तुंबतात आणि भांडेवाडीचा कचऱ्याचा ढीग वाढतो, म्हणून त्यांचा विचार करायलाच हवा. पण त्यांच्यासाठी घरात युद्ध करावे एवढे त्यांचे वजन नाही. तुम्ही बैठकीतील एसी बंद केलात, आणि तोच एसी तुमच्या आई दुपारी वापरत होत्या. रात्रीचे दोन एसी मात्र पूर्वीसारखेच चालू आहेत.

येथे मी थोडा अधिक वेळ थांबणार आहे, कारण नागपुरात थंडावा हा चैनीचा विषय नाही. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, आणि वयस्क माणसाच्या शरीराला स्वतःचे तापमान सांभाळणे जड जाते. घाम कमी येतो, तहान उशिरा लागते, आणि रक्तदाबाची काही औषधे त्यात भर घालतात. आईंच्या खोलीतील थंडाव्यावर कोणताही प्रयोग करू नका. बचत करायची ती घर तापू न देण्यात.

तुमच्यासारख्या ड्युप्लेक्समध्ये वरचा मजला का पेटतो, याचे कारण सोपे आहे: सिमेंटचे छत दिवसभर ऊन पिते आणि रात्री तीच उष्णता खाली सोडते, म्हणूनच एसीला मध्यरात्रीपर्यंत झगडावे लागते. मार्चअखेर गच्चीला चुन्याचा पांढरा हात दिला तर ऊन बरेच परतवले जाते. चुना स्वस्त आहे, पण पावसात धुपतो आणि दरवर्षी द्यावा लागतो. उष्णतारोधक पांढरा रंग महाग पडतो, पण काही वर्षे टिकतो. पश्चिमेच्या खिडक्यांना आतून जाड पडदे लावण्यापेक्षा बाहेरून हिरवी जाळी किंवा वाळ्याचा पडदा लावणे जास्त उपयोगी, कारण काचेतून आत आलेली उष्णता पडद्यामागे असली तरी आतच राहते. (पश्चिमेला मजल्याएवढी काच ठेवून घरे बांधण्याची पद्धत आपल्या नव्या लेआउटमध्ये कोणी आणली, हे एकदा शोधायला हवे.) पहाटे पाच ते आठ सगळी दारे-खिडक्या उघडा आणि नंतर संध्याकाळपर्यंत बंद ठेवा. साधा छतपंखा सुमारे ७५ वॅट घेतो, कमी वीज खाणाऱ्या बीएलडीसी (ब्रशविरहित) मोटारीचा ३० वॅटच्या आसपास. जुना पंखा बिघडला की नवा त्या जातीचा घ्या, चालणारा पंखा मुद्दाम काढू नका. एसी १८ किंवा २० वर न ठेवता २६ वर ठेवून सोबत पंखा लावला तर झोप तशीच लागते. तापमान एक अंशाने वाढवले की वीज सुमारे सहा टक्के वाचते, असे ऊर्जा दक्षता ब्युरो सांगतो.

कुलरचा पर्याय तुमच्या पत्रात एका ओळीत येऊन गेला आहे. एप्रिल-मे महिन्यांतील कोरड्या हवेत कुलर उत्तम चालतो आणि दोनशे वॅटच्या आसपास वीज घेतो, म्हणजे एसीच्या पाव हिश्श्याहूनही कमी. पण मोठा कुलर दिवसाला शंभर लिटर पाणी सहज पितो, आणि तुमच्याकडे नेमके त्याच महिन्यांत टँकर येतो. मृगानंतर हवेत दमटपणा आला की कुलर नुसता ओलसर वारा देतो. तेव्हा एका बैठकीसाठी कुलर, रात्री आईंच्या आणि मुलांच्या खोलीत २६ वरचा एसी, आणि तुम्हा दोघांना चालत असेल तर पंखा व गच्चीची थंड हवा, अशी वाटणी मला समंजस वाटते. कुलरची टाकी आठवड्यातून एकदा पूर्ण कोरडी करण्याचे काम तुमचे. डेंग्यूचे डास तेथेच वाढतात.

इतके केल्यावर सौरऊर्जेचा विचार करा, त्याआधी नको, कारण वापर कमी झाल्यावर संयंत्रही लहान पुरते. एक किलोवॅटला सुमारे शंभर चौरस फूट मोकळी गच्ची लागते आणि आपल्याकडे त्यातून महिन्याला शंभर ते सव्वाशे युनिट मिळतात. २०२४ मध्ये सुरू झालेल्या ‘पीएम सूर्यघर’ योजनेत तीन किलोवॅटपर्यंत जास्तीत जास्त ७८,००० रुपये अनुदान आहे, आणि नेट मीटरमुळे दिवसा तयार झालेली जादा वीज बिलातून वळती होते. पाण्याच्या टाकीची किंवा शेजारच्या इमारतीची सावली पट्ट्यांवर पडत नाही ना, हे डिसेंबरच्या दुपारी पाहून घ्या, कारण तेव्हा सूर्य खाली असतो आणि सावल्या लांब पडतात.

मोटारीचा निर्णय पूर्णपणे तुमच्या हातात आहे, आणि तरीही तुमच्या यादीत तो नाही. मला हे थोडे नवलाचे वाटले. खापरीहून ऑटोमोटिव्ह चौकाकडे जाणारी मेट्रो वर्धा मार्गाने धावते आणि थेट कस्तुरचंद पार्कपर्यंत येते, जेथून सिव्हिल लाईन्स जवळ आहे. बेशाहून मनीषनगरमार्गे उज्ज्वलनगर स्थानकापर्यंत दुचाकीने जाऊन ती तेथे उभी करता येईल. उन्हाळ्यात स्थानकापासून कार्यालयापर्यंतचे चालणे त्रासाचे होईल, म्हणून सुरुवात जुलैत करा आणि आठवड्यातून तीन दिवसांनी करा. हे जमले तर दुसरी मोटार विकता येईल. मात्र कोणती मोटार ठेवायची हे ठरवताना एक लक्षात घ्या: सकाळी सातला निघणाऱ्या आणि येताना मुलाला घेऊन येणाऱ्या व्यक्तीला वाहनाची गरज जास्त आहे. विकून आलेली रक्कम गृहकर्जाच्या मुद्दलात भरा. हप्ता हलका झाला की तुम्हा दोघांनाही दम घ्यायला जागा होईल, आणि साधेपणाकडून तुम्हाला हवे होते त्यातले बरेचसे तेथेच मिळेल, अशी मला शंका आहे.

यावरूनच तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर निघते. काटोलच्या वाटेवर राहायला गेलात आणि नोकऱ्या, शाळा, दवाखाना शहरातच राहिला, तर तुमचे रोजचे अंतर २४ वरून ८० किलोमीटरवर जाईल आणि पेट्रोल तिपटीहून अधिक लागेल. पत्नीच्या शाळेचे अंतर वेगळे, मुलीच्या अकरावी-बारावीच्या शिकवण्यांचे वेगळे. मातीच्या घरात राहून रोज दोन वाहने शहराकडे धावणार असतील, तर ते साधे राहणे केवळ दिसायला साधे असेल. शिवाय महाराष्ट्रात शेतजमीन विकत घेण्यासाठी सामान्यतः खरेदीदार स्वतः शेतकरी असावा लागतो, आणि शेतात घर बांधण्याचे नियमही निराळे आहेत. विसार देण्याआधी वकिलाकडून सातबारा आणि फेरफार तपासून घ्या. शेतीची ओढ खरी असेल तर ती निवृत्तीपर्यंत थांबू शकते, किंवा एखाद्या ओळखीच्या शेतकऱ्याच्या शेतात एक हंगाम सुट्टीच्या दिवशी राबून पाहता येईल. तुरीच्या शेतात ऑक्टोबरच्या उन्हात निंदण केल्यावरही जी इच्छा उरते, तिच्यावर विश्वास ठेवावा.

मला तर उलट वाटते की महाल सोडून बेशाला आलात, तेव्हाच तुमच्या घराचा बराचसा भार ठरून गेला. महालात बाजार, शाळा आणि दवाखाना पायी होते. बुधवार बाजाराला कोणी मोटारीने जात नसे. याचा अर्थ परत जावे असा नाही. पण घर विकायचेच असेल, तर काटोलच्या दिशेने न पाहता मेट्रो स्थानकाजवळच्या लहान सदनिकेकडे पाहणे, हा पर्याय निदान कागदावर मांडून पाहा. तो सेवाग्रामसारखा दिसणार नाही, हे मान्य.

स्वयंपाकघराविषयी थोडक्यात. ज्वारीची भाकरी, तुरीचे वरण, अंबाडीची भाजी, जवसाची चटणी हे आपले जेवण मुळातच स्वस्त आणि जवळच्या शेतातले आहे. त्यासाठी वेगळी चळवळ नको. नोव्हेंबर-डिसेंबरात आंबिया बहराची आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये मृग बहराची संत्री येतात, तेव्हा ती पोटभर खावीत आणि इतर महिन्यांत दूरवरून आलेल्या फळांचा हट्ट सोडावा. सांडगे, कुरडया, पापड आणि मसाले महिला बचत गटाकडून विकत घ्या. घरच्या माणसाला फुकट राबवण्यापेक्षा कष्टाचे पैसे मोजून घेतलेली कुरडई मला अधिक साधी वाटते.

ओल्या कचऱ्यासाठी तळाशी भोके पाडलेल्या मातीच्या दोन मोठ्या कुंड्या पुरतात. रोजच्या सालींवर तेवढाच वाळका पाला पसरावा. वास आला तर ओल जास्त झाली असे समजून पाला वाढवावा. फेब्रुवारी-मार्चमध्ये लेआउटमधील झाडांची पाने रस्त्यावर जाळली जातात. त्यातील तीन-चार पोती भरून ठेवली तर वर्षभराची सोय होते आणि धूरही वाचतो. दोन-तीन महिन्यांत खत होते. चौथीतील मुलाला हे काम मनापासून आवडेल, पण ते त्याच्यावर ढकलू नका. सोबत उभे राहा.

मुलीचे दुःख वेगळे आहे आणि ते मला गंभीर वाटते. दहावीच्या वर्षात, मैत्रिणींसमोर, वडिलांनी परस्पर जाहीर केलेला साधेपणा तिला शिक्षेसारखा वाटला असणार. केक ही तुमच्या घराच्या पर्यावरणातील नगण्य बाब आहे आणि तिच्या वर्षातील मोठी. तिला सांगा की तो निर्णय तिचा होता आणि तुम्ही तो घेतलात. पुढच्या वर्षी तो तिच्याकडे राहील. एक ठरावीक रक्कम तिच्या हातात द्या आणि वाढदिवस कसा करायचा ते तिलाच ठरवू द्या. मुले काटकसर शिकतात ती निवड हातात आल्यावर. तान्हा पोळ्याला आपल्याकडे अनेक घरांत आजोबांच्या वेळचा लाकडी नंदीबैल काढून, पुसून, नव्या झुलीने सजवतात. त्या दिवशी कोणत्याही मुलाला आपण जुनी वस्तू घेऊन फिरत आहोत असे वाटत नाही, उलट बैल जितका जुना तितकी त्याची मिरवणूक मोठी. वस्तू जपण्यात मान आहे असे मुलांना दिसले तर ती जपतात. तुमच्या घरात असा बैल असेल तर धाकट्यासाठी तोच बाहेर काढा, नवा घेऊ नका.

तेव्हा पत्नीशी बोलताना ‘पटवण्या’चा विचार सोडा. एका सुट्टीच्या दिवशी बसा, आणि पहिली बोलण्याची पाळी त्यांची ठेवा. वर्षभरात कोणते बदल त्यांना जड गेले, कोणते चालले आणि कोणते त्यांना स्वतःला हवे होते, हे त्या सांगत असताना मधे उत्तर देऊ नका, वहीत लिहून घ्या. जड गेलेले बदल त्याच दिवशी मागे घ्या. बैठकीतील दुपारचा थंडावा आईंना परत द्या. मग वर्षभराची वीजबिले, पेट्रोलचा खर्च, टँकरच्या पावत्या आणि कर्जाचा हप्ता समोर ठेवा, आणि यातील कोणता आकडा आधी खाली आणायचा हे सगळ्यांनी मिळून ठरवा. तुमच्या पत्नीने निवडलेला आकडा तुमच्या मनातला नसेल, तरी तोच घ्या.

टँकरचे काम मात्र त्या बैठकीची वाट न पाहता सुरू करता येईल, कारण त्यात घरातील कोणाच्याही सवयीला धक्का लागत नाही. नागपुरात वर्षाला साधारण एक हजार मिलिमीटर पाऊस पडतो. हजार चौरस फुटांच्या गच्चीवर, वाया जाणारे वगळूनही, सुमारे ७० हजार लिटर पाणी उतरते. पाच हजार लिटरचे चौदा टँकर. ते आज तुमच्या फाटकासमोर वाहून जाते. गच्चीचे पाइप एकत्र करून वाळू-गिट्टीच्या गाळणीतून ते बोअरजवळच्या शोषखड्ड्यात सोडा, आणि पहिल्या एक-दोन पावसांचे धूळ-पानांचे पाणी बाहेर काढण्यासाठी एक वेगळी तोटी ठेवा. खड्डा संडासाच्या टाकीपासून शक्य तितका दूर असावा. लेआउटमधील आणखी चार घरांनी हेच केले तर बोअरला फरक लवकर जाणवेल, कारण जमिनीखालचे पाणी कुंपण पाळत नाही. प्लंबरला मेच्या पहिल्या पंधरवड्यात बोलवा. जूनमध्ये पहिला पाऊस पडला की प्लंबर कोणाच्याच हाती लागत नाही.